संशोधन पत्रिकांच्या संपादक मंडळांवर बायका मोजक्या आणि तालुक्याच्या गावचे प्राध्यापक नाहीतच. यावर उपाय काय?

वाघाडीकाठ

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी एका अनुदानित महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. आमच्या भागातील काही महाविद्यालये मिळून एक सहामाही संशोधन पत्रिका काढतात. तिच्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतले लेख येतात. तिचे संपादक मंडळ आता नव्याने नेमायचे आहे आणि बैठकीपुढे येणारी प्रस्तावित यादी परवा माझ्या हाती आली. यादीत चौदा नावे आहेत. त्यांत बाई एकच, आणि त्याही पुण्याच्या. उरलेले तेरा जण नागपूर, अमरावती, पुणे आणि मुंबई येथील विद्यापीठांत आहेत किंवा तिथून निवृत्त झालेले आहेत. ज्या महाविद्यालयांच्या वर्गणीवर पत्रिका निघते आणि ज्यांचे प्राध्यापक तिच्यात सर्वाधिक लिहितात, त्यांतले एकही नाव यादीत नाही.

मी याबद्दल विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, मोठी नावे असली म्हणजे पत्रिकेला वजन येते आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, पाहणीत ते दिसते. मला हे पटलेले नाही. मान कुणाला मिळाला आणि कुणाचा राहिला, एवढ्यापुरता हा प्रश्न असता तर मी इथे लिहिले नसते. कोणता विषय अभ्यासण्याजोगा आहे, कोणता पुरावा पुरेसा आहे आणि कोणता लेख तपासणाऱ्या परीक्षकाकडे न पाठवताच परत करायचा, हे ठरवणारी माणसे म्हणजे संपादक मंडळ. ती सारी एकाच प्रकारच्या आयुष्यातून आलेली असतील, तर काही प्रश्न विचारलेच जाणार नाहीत. बैठकीत आक्षेप नोंदवायचा तर कशाच्या आधारावर नोंदवावा, आणि नुसता आक्षेप न घेता पर्याय म्हणून काय मांडावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे ही विनंती.

निवृत्त_वर्धेकर

मॅडम, तुमची तळमळ मी समजू शकतो. मी स्वतः अनेक वर्षे परीक्षक म्हणून काम केले आहे आणि म्हणूनच थोडे वेगळे मत मांडतो. संपादक मंडळ ही ग्रामसभा नव्हे की तिथे प्रत्येक वॉर्डाचा प्रतिनिधी असलाच पाहिजे. ज्याने विषयात आयुष्य घातले, त्याने तिथे बसावे. लेख अनामिक पद्धतीने तपासला जातो. लेखक बाई आहे की पुरुष, पुण्याचा आहे की पांढरकवड्याचा, हे परीक्षकाला कळत नाही. चांगले काम असेल तर ते कुठूनही पुढे येते. गडचिरोलीतील डॉ. राणी बंग यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरचा लेख १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला, तेव्हा लंडनच्या त्या मंडळावर गडचिरोलीचे कोण बसले होते?

सातपुडा_पायथा

सर, अनामिक लेख कुणाकडे तपासायला पाठवायचा, हे तरी संपादकच ठरवतो ना?

वेचणीचे_दिवस

वर्धेकर सर, आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून माझा अनुभव सांगते. मी अर्थशास्त्र शिकवते. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या मजुरीवर मी एक लेख एका पत्रिकेला पाठवला होता. पत्रिकेचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका पत्रिकेविषयी नाही.

आपल्याकडे वेचणीची मजुरी किलोवर ठरते. पहिल्या वेच्याला, म्हणजे हंगामातल्या पहिल्या वेचणीला, बोंडे भरून फुटलेली असतात, त्यामुळे बाई सकाळपासून दुपारपर्यंतच ओटीभर कापूस कितीतरी वेळा रिकामा करते. शेवटच्या वेच्याला झाडावर तुरळक बोंडे उरतात. तेवढ्याच वजनासाठी तिला पूर्ण वावर पालथे घालावे लागते, बोंडांची वाळलेली नखे बोटांत रुततात, आणि संध्याकाळी धुऱ्यावर काटा लावला की वजन निम्मेही भरत नाही. म्हणून शेवटी किलोचा दर वाढतो, पण दिवसाची मिळकत मात्र घटते. दर वाढला आणि कमाई कमी झाली, हाच माझ्या लेखाचा गाभा होता, आणि त्यासाठी मी वेच्यागणिक नोंदी ठेवल्या होत्या.

परीक्षकांचा शेरा असा आला की, मजुरीचे दर विसंगत आहेत, ते सर्व दैनिक मजुरीत रूपांतरित करून हंगामाची एकच सरासरी द्यावी. संपादकांनी तो शेरा जसाच्या तसा मला पाठवला. कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, मुलाखत तोंडावर होती, त्यामुळे मी सरासरी काढून दिली आणि लेख छापून आला. त्यात पहिला वेचा नाही, शेवटचा वेचा नाही, आणि म्हणून माझा मुद्दाही नाही. परीक्षकांना माझे नाव ठाऊक नव्हते, हे खरे आहे. पण त्यांना वेचणीही ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक असलेला माणूस शोधावा असे मंडळावरील कुणालाही सुचले नाही.

‘लॅन्सेट’च्या त्या लेखाबद्दलही मला म्हणायचे आहे. दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यात तपासणी होती आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला होता. याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया त्यांत अवघ्या ८ टक्के होत्या. हा प्रश्न तोवर कुणाच्या अभ्यासात का आला नव्हता? तो मांडायला त्या गावांजवळ राहणारी एक स्त्री डॉक्टर लागली. लेख छापून आला हे त्या संपादकांचे श्रेयच आहे. पण एक लेख दारातून आत गेला, याचा अर्थ दार सगळ्यांसाठी उघडे आहे असा होत नाही.

आकडेमोड

चर्चेला आकड्यांचा आधार असावा म्हणून लिहितो. या विषयावर बऱ्यापैकी मोजणी झालेली आहे.

२०२३ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात पन्नास वर्षांतील, १५ विद्याशाखांमधील हजाराहून अधिक पत्रिकांचे सुमारे ८१,००० संपादक मोजले होते. लेखकांमध्ये स्त्रिया २६ टक्के, संपादकांमध्ये १४ टक्के आणि मुख्य संपादकांमध्ये केवळ ८ टक्के निघाल्या. म्हणजे जसजसे अधिकाराच्या जागेकडे जावे, तसतसे प्रमाण घसरते. गणिताच्या ४३५ पत्रिकांचा अभ्यास २०१६ साली झाला होता. तिथे संपादकपदांपैकी ८.९ टक्के स्त्रियांकडे होती, आणि अमेरिकेत पीएचडी देणाऱ्या गणित विभागांच्या कायम स्वरूपाच्या जागांवर मात्र स्त्रिया सुमारे १५ टक्के होत्या.

संपादक कुठल्या देशांतले आहेत, याचे चित्र याहून बोलके आहे. पर्यावरण जीवशास्त्राच्या २४ पत्रिकांची १९८५ ते २०१४ या काळातील मंडळे तपासली, तेव्हा ७० देशांतील ३,८२७ संपादक सापडले. वरवर पाहता ७० देश म्हणजे विविधता वाटते. प्रत्यक्षात ६७ टक्के संपादक अमेरिका आणि ब्रिटन या दोनच देशांत होते. तीस वर्षांत मंडळे चौपट मोठी झाली, देशांची संख्याही वाढली, पण भौगोलिक विविधता होती तिथेच राहिली. जगातील बहुतेक जीवसृष्टी ज्या उष्ण प्रदेशांत आहे, तिथले लोक काय छापायचे या निर्णयात नगण्य आहेत.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. अशा मोजण्यांत स्त्री की पुरुष हे बहुतेक वेळा संगणक नावावरून ठरवतो, आणि देश मोजायचा तर संस्थेच्या पत्त्यावरून मोजतात. त्यामुळे वणीत शिकून बोस्टनला गेलेला माणूस अमेरिकेच्या खात्यात जमा होतो. दुसरे असे की, देशपातळीवर मोजले की देशाच्या आतली दरी दिसतच नाही. भारताचे चार संपादक आहेत म्हटल्यावर ते चारही दिल्ली, मुंबई किंवा बंगळूरचे असू शकतात. वाघाडीकाठ यांचा प्रश्न नेमका त्या न मोजलेल्या भागातला आहे.

निवृत्त_वर्धेकर

आकडेमोड, आपण दिलेल्या पहिल्या अभ्यासातला अर्धाच निष्कर्ष आपण सांगितलात. संपादकांमधील स्त्री-पुरुष तफावत कारकिर्दीच्या लांबीने स्पष्ट होते, असेही त्याच लेखात म्हटले आहे. संपादक ज्येष्ठांतून निवडले जातात आणि ज्येष्ठांमध्ये स्त्रिया कमी आहेत, कारण पूर्वी त्या कमी संख्येने या क्षेत्रात आल्या. काळाबरोबर हे आपोआप बदलेल. २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातील अध्यापकांमध्ये स्त्रिया ४३ टक्के आहेत.

आकडेमोड

सर, आपले म्हणणे बरोबर आहे, पण त्याच वाक्याचा उरलेला भागही पाहावा. कारकिर्दीच्या लांबीने साध्या संपादकांमधील तफावत स्पष्ट होते, मुख्य संपादकांमधील होत नाही. आणि आपण दिलेला ४३ टक्क्यांचा आकडाच धागाकर्तीच्या बाजूने बोलतो. अध्यापकांमध्ये शंभरात त्रेचाळीस स्त्रिया असतील, तर चौदा जणांच्या यादीत सहा तरी असायला हव्या होत्या. त्या तेवढ्या ज्येष्ठ नाहीत असे म्हणायचे, तर आधी ज्येष्ठतेचा निकष लिहून काढावा आणि तोच सर्वांना लावावा.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांच्या लेखनाची नोंद तपासली, त्यांतील १२ टक्के संपादकांचे किमान एक पंचमांश लेख ते स्वतः संपादित करत असलेल्या पत्रिकेतच आले होते, आणि ६ टक्के संपादकांचे किमान एक तृतीयांश. मंडळावरील जागा म्हणजे स्वतःचे लेख छापून आणण्याची सोय होऊ शकते. त्यामुळे ती कुणाकडे जाते आणि किती काळ राहते, हा प्रश्न प्रतिष्ठेपुरता नाही.

मुद्रितप्रत

मी एका प्रादेशिक पत्रिकेचे कार्यालयीन काम पाहतो, म्हणून खरे निर्णय कुठे होतात ते सांगतो. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जी लांबलचक सल्लागार यादी असते, तिच्यातील बहुतेकांना अंक निघाल्यावरच कळते की अंक निघाला. काम तीन किंवा चार जण करतात. आलेला लेख प्रथम कार्यकारी संपादक चाळतात आणि कितीतरी लेख तिथेच परत जातात. "विषय अत्यंत स्थानिक आहे", "भाषा प्रमाण नाही", "आमच्या कक्षेत बसत नाही", अशी कारणे दिली जातात. परीक्षकांकडे जातात ते उरलेले. परीक्षकांची यादीही त्या तीन-चार जणांच्या ओळखीतूनच तयार झालेली असते.

म्हणून माझी सूचना अशी की, मॅडमनी चौदातल्या किती बायका हे विचारावेच, पण त्याआधी लेखांची फाईल कुणाच्या हाती राहणार हे विचारावे. सल्लागार मंडळात पाच बायका आणि पाच तालुक्यांतले प्राध्यापक घालून, फाईल मात्र त्याच तिघांकडे ठेवली, तर यादी पाहणाऱ्याला समाधान वाटेल आणि लेखांच्या नशिबात तिळमात्र फरक पडणार नाही.

वेचणीचे_दिवस

मुद्रितप्रत, "विषय अत्यंत स्थानिक आहे" या शेऱ्याबद्दल कुणीतरी कधीतरी लिहायला हवे होते. पुण्यातील एका पेठेचा अभ्यास नागरी समाजशास्त्र ठरतो आणि दारव्ह्यातील आठवडी बाजाराचा अभ्यास स्थानिक ठरतो. दोन्ही जागा महाराष्ट्रातच आहेत.

परदेशी_पुसदकर

मूळचा पुसदचा, सध्या युरोपात संशोधन करतो आणि एका आंतरराष्ट्रीय पत्रिकेचा सहयोगी संपादक आहे. आमच्याकडे माणसे कशी निवडली जातात हे मी आतून पाहिले आहे. त्यात मुद्दाम कुणाला डावलण्याचा हेतू क्वचितच असतो, तरीही परिणाम तोच होतो.

नवा संपादक हवा असला की मुख्य संपादक विचारतात, "कुणी चांगले परीक्षण लिहिणारे तुमच्या पाहण्यात आहे का?" आम्ही परिषदेत भेटलेल्या, आमच्याच गटात काम केलेल्या लोकांची नावे सांगतो. परीक्षक शोधताना संगणकप्रणालीत विषयाचे शब्द टाकतो आणि वर येणाऱ्या पहिल्या दहा-पंधरा नावांतून निवडतो. ज्याचे लेख मोठ्या सूचींत नाहीत, ज्याचा पत्ता संस्थेच्या ईमेलवर नाही, तो त्या पंधरांत येतच नाही. ‘फ्रंटियर्स’ या प्रकाशनसंस्थेच्या पत्रिकांवर २०१७ साली झालेल्या अभ्यासातही दिसले की, पुरुष संपादक पुरुष परीक्षकांना आणि स्त्री संपादक स्त्री परीक्षकांना झुकते माप देतात. म्हणजे मंडळ जसे, तसे परीक्षक, आणि पुढचे मंडळ त्या परीक्षकांतूनच निवडले जाते.

आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत यात एक वेगळीच अडचण आहे. लग्नानंतर आडनाव बदलते आणि वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते. पीएचडी माहेरच्या नावाने, नंतरचे लेख सासरच्या नावाने, असे झाले की संगणकाला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. पंधरा लेखांची संशोधक सात लेखांची आणि आठ लेखांची, अशा दोन नवशिक्या बायका होऊन बसते. ऑर्किड हा संशोधकाचा कायमचा क्रमांक २०१२ पासून मोफत मिळतो आणि त्यावर दोन्ही नावांचे लेख एकत्र जोडता येतात. इथल्या प्रत्येक प्राध्यापिकेने तो आजच घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पैनगंगा_माय

परदेशी_पुसदकर दादा, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ताच ऑर्किड घेतला. माझे तर तीन प्रकारे लिहिलेले नाव निघाले.

तासिका_तत्त्व

मी गेली अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते आहे. या चर्चेत सर्वजण नियमित प्राध्यापकांबद्दल बोलत आहेत, म्हणून लिहिणे भाग पडले.

आमच्या भागातील महाविद्यालयांत कितीतरी जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि त्यांवर आमच्यासारख्या बायका आणि पुरुष तासाच्या हिशेबाने शिकवतात. आमच्यातल्या अनेकांकडे नेट, सेट, पीएचडी सर्व काही आहे. पण मंडळावर येण्यासाठी "नियमित सेवेत असणे" ही अट जवळजवळ प्रत्येक पत्रिका घालते. त्यामुळे "आमच्याकडे पात्र बाई मिळाली नाही" हे वाक्य जेव्हा ऐकू येते, तेव्हा ते पात्रतेबद्दल नसते, नेमणुकीबद्दल असते.

दुसरी गोष्ट कामाची. महाविद्यालयात महिला तक्रार निवारण समिती, स्नेहसंमेलन, रांगोळी, पाहुण्यांचे स्वागत, हे सर्व बायकांकडे येते. त्यात आता परीक्षणाचे बिनपगारी काम आले, तर ते रात्री स्वयंपाकघर आवरल्यानंतरच होणार. मंडळावर बायका घ्याव्यात असे मलाही वाटते, पण एकीकडून नाव घालायचे आणि दुसरीकडून मुद्रितशोधनाचे ओझे तिच्याच गळ्यात मारायचे, असे होऊ नये. परीक्षणाला थोडे का होईना मानधन असावे, ते काम सेवापुस्तिकेत किंवा किमान अनुभव प्रमाणपत्रात नोंदले जावे, आणि बैठका दूरदृश्य पद्धतीने व्हाव्यात. नागपुरात दुपारी तीनला बैठक ठेवली की आमच्या गावाची शेवटची एसटी निघून जाते, आणि रात्री परत कसे यायचे हा प्रश्न बाईला पुरुषापेक्षा वेगळा पडतो.

वाघाडीकाठ

तासिका_तत्त्व ताई, मी स्वतः या अटीकडे लक्षच दिले नव्हते. आमच्या पत्रिकेच्या नियमावलीतही ती आहे. ती काढण्याचा ठराव मी मांडणार आहे.

ग्रंथालय_अकोट

ग्रंथपाल या नात्याने एक सावधगिरीची सूचना करतो. विविधतेची गरज मला मान्य आहे, पण नुसती यादी विविध दिसावी म्हणून काय काय केले जाते ते आम्ही रोज पाहतो. "आंतरराष्ट्रीय" म्हणवणाऱ्या कितीतरी पत्रिकांच्या यादीत आफ्रिका, युरोप, आखाती देश असे सर्व काही असते, आणि त्यातल्या एखाद्याला ईमेल पाठवले तर त्यांना त्या पत्रिकेचे नावही माहीत नसते. २०१७ साली काही संशोधकांनी एक काल्पनिक विदुषी तयार करून तिचा अगदीच तोकडा अर्ज ३६० पत्रिकांना संपादकपदासाठी पाठवला होता, आणि ४८ पत्रिकांनी तिला नेमून टाकले. काही ठिकाणी तर मुख्य संपादकपदच देऊ केले.

आता हा धोका वाढला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली आपल्या मान्य सूचीतून ४,३०५ पत्रिका एकदम वगळल्या, नंतर मान्य पत्रिकांची केअर सूची आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. पत्रिका पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि पर्यायाने आमच्यासारख्यांवर आली आहे. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, तर कुणालाही मिळतो. त्याचा दर्जाशी काहीही संबंध नाही, हे अजूनही अनेक प्राचार्यांना पटवून द्यावे लागते. म्हणून वाघाडीकाठ मॅडमनी असा आग्रह धरावा की, मंडळावर घेतलेल्या प्रत्येक व्यक्तीचे लेखी संमतिपत्र असावे, तिच्या संस्थेच्या पानाचा दुवा यादीत असावा, आणि तिने वर्षभरात किती लेख हाताळले हे शेवटच्या अंकात छापावे. नावापुरते सदस्य मग आपोआप उघडे पडतील, मग ते पुण्याचे असोत की पातूरचे.

उमरी_फाटा

नावापुरत्या सदस्यांवरून गावातला अनुभव आठवला. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. सुरुवातीला आमच्याकडे सरपंच बाई सही करायच्या आणि कारभार त्यांचे यजमान पाहायचे. लोक म्हणत, बघा, आरक्षणाचा काही उपयोग नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडून आलेल्या बायकांनी स्वतः ग्रामसभा चालवली, पाण्याच्या टाकीचा हिशेब मागितला, आणि एकीने तर ग्रामसेवकाला तालुक्याहून बोलावून दप्तर उघडायला लावले. आधी जागा मिळाली नसती तर हे झालेच नसते. म्हणून सुरुवातीला काही नावे केवळ यादीपुरती राहतील, या भीतीने जागाच देऊ नये हे मला मान्य नाही.

निवृत्त_वर्धेकर

उमरी_फाटा यांचे उदाहरण मला विचार करण्यासारखे वाटते. मीच वर ग्रामसभेचा उल्लेख केला होता. तरीही सरपंचपद आणि विषयतज्ज्ञता यांत फरक आहे, हे माझे मत कायम आहे. लेखातील पद्धतिशास्त्र चुकले असेल तर ते कळायला अभ्यासच लागतो, गावचा रहिवास पुरत नाही. वेचणीचे_दिवस यांच्या लेखाबाबत मात्र परीक्षकांची चूक झाली, हे मी निःसंकोच मान्य करतो. दर आणि मिळकत यांतला फरक पुसणारी सरासरी मागणे ही पद्धतिशास्त्राचीच चूक होती.

धारणी_मार्ग

वर्धेकर सर, आपल्या शेवटच्या वाक्यातूनच माझा मुद्दा सुरू होतो. गावची माहिती आणि पद्धतिशास्त्र या दोन वेगळ्या गोष्टी नसतात.

मी मेळघाटात काम करतो आणि कोरकू भाषेवर माझे थोडे लेखन आहे. माझ्या एका लेखावर शेरा आला की, कोरकू ही मराठी-हिंदीची बोली असल्यामुळे तिचा स्वतंत्र व्याकरणिक विचार करण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, संथाळी आणि मुंडारी यांच्या नात्यातली, आणि त्या कुळातील सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी. शेजारची गोंडी द्राविडी कुळातली. मराठीशी कोरकूचे कुळाने काहीही नाते नाही. परीक्षक मराठी भाषाविज्ञानाचे जाणकार असावेत, असे त्यांच्या बाकीच्या शेऱ्यांवरून दिसत होते. त्यांची विद्वत्ता खरी होती, फक्त ती या भाषेपर्यंत पोचलेली नव्हती, आणि "हा लेख माझ्या आवाक्यातला नाही" असे म्हणून परत करण्याची सवय आपल्याकडे नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. बायकांची संख्या वाढवताना त्या सगळ्या शहरातल्या, उच्च जातींतल्या, आणि एक-दोन विद्यापीठांतल्याच असतील, तर धारणी, कुरखेडा किंवा झरी-जामणीच्या मुलींना त्यातून काय मिळणार? गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, तिथे आता आदिवासी समाजातील मुली पीएचडी करत आहेत. त्यांची नावे परीक्षकांच्या यादीत आज घातली, तर दहा वर्षांनी संपादक म्हणून त्या सहज मिळतील. स्त्री आणि ग्रामीण हे दोन वेगळे रकाने करून प्रत्येकी एक नाव भरले, तर ग्रामीण रकान्यात पुरुष आणि स्त्री रकान्यात शहर, असेच होणार.

सातपुडा_पायथा

धारणी_मार्ग भाऊंचे शेवटचे वाक्य ठरावात जसेच्या तसे घ्यावे.

मुद्रितप्रत

वर्धेकर सरांच्या पद्धतिशास्त्राच्या मुद्द्यावर एक व्यवहार्य तोड आहे. आम्ही काही काळापासून प्रत्येक लेख दोन परीक्षकांना देतो, एक पद्धतीचा जाणकार आणि एक त्या प्रदेशाचा किंवा समूहाचा जाणकार. दोघांचे मत जुळले नाही तर कार्यकारी संपादक स्वतः निर्णय न घेता दोघांचे शेरे लेखकाला पाठवून उत्तर मागतात. वेळ जास्त लागतो. पण वेचणीच्या लेखासारखा प्रकार झाला असता, तर प्रदेशाच्या जाणकाराने तो तिथेच थांबवला असता. नव्या परीक्षकांना पहिले दोन-तीन लेख अनुभवी परीक्षकाच्या जोडीने द्यावेत. परीक्षण कसे लिहायचे हे कुणीही जन्मतः शिकून येत नाही, आणि पीएचडीच्या अभ्यासक्रमात ते आपल्याकडे धड शिकवलेही जात नाही.

परदेशी_पुसदकर

मुद्रितप्रत यांना अनुमोदन. मुदतीबद्दलही लिहितो. आमच्या पत्रिकेत सदस्याची मुदत तीन वर्षांची असते आणि ती एकदाच वाढवता येते. तहहयात सदस्यत्व असेल तर जागाच रिकामी होत नाही, आणि मग नव्यांना घ्या हे म्हणणे हवेत राहते. जागा भरताना खुले आवाहन करावे, म्हणजे ओळखीबाहेरची नावे कळतात. माहीत असलेल्यांतून निवडायचे ठरवले, तर माहीत असलेलेच निवडले जातात.

वाघाडीकाठ

इतक्या जणांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. बैठकीत काय मांडायचे ते मी आता ठरवले आहे आणि ते इथे ठेवते, म्हणजे त्यातल्या फटी तुम्ही दाखवाल.

प्रस्तावित चौदा नावांना मी सरसकट विरोध करणार नाही. त्यातील काही जण खरोखर काम करणारे आहेत आणि पत्रिकेला त्यांची गरज आहे. माझा पहिला आग्रह कार्यकारी गटाबद्दल राहील. लेख प्रथम वाचणाऱ्या चार जणांत किमान दोन स्त्रिया आणि किमान दोन वर्गणीदार महाविद्यालयांतील अध्यापक असावेत, आणि धारणी_मार्ग भाऊंनी सांगितल्याप्रमाणे त्या दोन स्त्रियांपैकी एक तरी तालुक्याच्या महाविद्यालयातील असावी. "नियमित सेवेत" ही अट काढून तिथे पीएचडी आणि प्रकाशित लेखन एवढीच पात्रता ठेवावी. मुदत तीन वर्षे, संमतिपत्र सक्तीचे, आणि वर्षाअखेरीस कुणी किती लेख हाताळले ते छापावे. परीक्षकांसाठी खुले आवाहन सर्व महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लावावे. पहिल्या वाचनात परत केलेल्या लेखाला "स्थानिक विषय" एवढेच कारण देता येणार नाही, असेही एक कलम मी घालणार आहे. त्याला विरोध होईल याची मला कल्पना आहे, तरी ते मी मागे घेणार नाही.

निवृत्त_वर्धेकर

मसुदा समतोल आहे. एक दुरुस्ती सुचवतो. कार्यकारी गटातील कुणाचा स्वतःचा लेख असेल, तर त्याचा निर्णय मंडळाबाहेरील व्यक्तीने घ्यावा आणि तसे लेखाच्या तळाशी नमूद करावे. आकडेमोड यांनी दिलेल्या आकड्यांनंतर हे कलम नसणे योग्य दिसणार नाही. मानधनाचे कलमही राहून गेले आहे, ते तासिका_तत्त्व यांच्या प्रतिसादातून घ्यावे.

धारणी_मार्ग

एक फट मलाही दिसते. "तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापक" याची व्याख्या काय करणार? आपल्याकडे निम्मा अध्यापकवर्ग नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला राहतो आणि रोज अपडाऊन करतो. पत्ता तालुक्याचा, आणि संध्याकाळी पाचनंतर गावात कुणी नाही. अशांनीच सर्व जागा भरल्या तर कागदावर ग्रामीण भाग येईल.

तासिका_तत्त्व

पण राहण्याच्या जागेची अट घातली तर ती बायकांवरच जास्त अडेल. मुलांच्या शाळेसाठी किंवा नवऱ्याच्या नोकरीसाठी अनेकजणी शहरात राहतात आणि एसटीने येतात. त्यांतल्या कितीतरी जणी गावाविषयी मनापासून काम करतात.

वाघाडीकाठ

दोन्ही म्हणणी खरी आहेत, म्हणून राहण्याची अट घालत नाही. त्याऐवजी असे लिहिते: "तालुका किंवा त्याखालील ठिकाणच्या महाविद्यालयात किमान पाच वर्षे अध्यापन, आणि त्या परिसरातील लोकजीवन, शेती, भाषा वा आरोग्य यांवर किमान एक प्रकाशित लेख." तासिका तत्त्वावरची वर्षे या पाच वर्षांत धरली जातील. प्रकाशित लेखाऐवजी पीएचडीचा प्रबंध चालेल का, याबद्दल मला अजून मत हवे आहे, कारण मसुदा टंकायला देण्यापूर्वी ते कलम नक्की करायचे आहे.

ग्रंथालय_अकोट

प्रबंध चालावा, पण तो शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, उपलब्ध असावा अशी अट ठेवा, म्हणजे कुणालाही उघडून पाहता येईल. मसुद्याची टंकलिखित प्रत इथे लावलीत तर आमच्या महाविद्यालयाच्या पत्रिकेसाठीही मी ती प्राचार्यांपुढे ठेवीन.